सेवासहल : पाहुणा आणि यजमान

पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थी दीर्घ सुटीत गटागटाने उष्ण कटिबंधातील एखाद्या देशात जातात, तेथील खेड्यात काही दिवस सेवाकार्य करतात आणि उरलेले दिवस अरण्यात, डोंगरात अथवा समुद्रावर साहसात घालवितात. सेवा आणि साहस यांची अशी सांगड घालणारी ही प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. तिच्याकडे कौतुकाने पाहावे की संशयाने, हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल. परंतु ज्या शिक्षकाला आपल्या वर्गाची सहल एखाद्या गावी न्यावयाची असते, त्याच्यापुढे तोच प्रश्न लहान आकारात उभा असतो. म्हणून या प्रथेचा थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

पिएर सेरेझोल या स्विस अभियंत्याने १९२० साली फ्रान्समधील व्हर्दंजवळ, महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या एका खेड्यात, निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांना घेऊन श्रमशिबिर भरविले. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्यांनी एकत्र कुदळ धरावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेझोल मूठभर सहकाऱ्यांसह मुझफ्फरपूर भागात आला आणि पुराच्या पाण्यापासून सुरक्षित अशा उंच जागी गावे पुन्हा वसविण्याच्या कामात त्याने भाग घेतला. इंग्लंडमध्ये १९५८ साली अलेक डिक्सन यांनी शाळा नुकतीच सोडलेल्या तरुणांना परदेशी सेवेसाठी पाठविण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९६१ साली पीस कोअरची स्थापना झाली व तिचे स्वयंसेवक त्याच वर्षी भारतातही आले. १९७६ पर्यंत त्यांचे येथे काम चालू होते. ही मंडळी महिना-दोन महिन्यांसाठी नव्हे, तर सामान्यतः दोन वर्षांसाठी येत आणि येण्यापूर्वी यजमान देशाची भाषा शिकत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे मुदत आखडत गेली. वर्षांचे महिने झाले, महिन्यांचे आठवडे झाले, आणि सेवेच्या जोडीला सहलीचे पैसे घेणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अशाच एका सहलीची हकिकत एका अमेरिकन लेखिकेने २०१४ साली प्रसिद्ध केली. शाळेत असताना ती आपल्या सोबतिणींसह टांझानियात गेली होती. प्रत्येकीने सुमारे ३,००० डॉलर भरले होते. पहिला आठवडा अनाथाश्रमात ग्रंथालय बांधण्याचा, दुसरा आठवडा वन्य पशू पाहण्याचा. मुली दिवसभर विटा रचीत. त्यांना गवंडीकाम येत नव्हते, त्यामुळे भिंत वाकडी व कच्ची होई. रात्री गावातील माणसे ती भिंत उतरवीत आणि पहाटेपर्यंत पुन्हा नीट बांधून ठेवीत, जेणेकरून पाहुण्या मुलींना काही कळू नये. एके दिवशी पहाटे जाग आल्यामुळे ही गोष्ट त्या मुलीच्या ध्यानी आली.

या हकिकतीत कोणीही दुष्ट नाही. मुलींचा हेतू शुद्ध होता. गावकऱ्यांचे वर्तन तर सौजन्याची परिसीमाच म्हणावी लागेल. तथापि सेवा कोणी कोणाची केली, असा प्रश्न केल्यास उत्तर उलटे येते. पाहुण्यांना सेवेचे समाधान मिळावे म्हणून यजमानांनी दुप्पट श्रम केले. जे काम गावातील गवंडी अधिक चांगले करू शकत होता, ते त्याच्या हातून काढून अजाण हातांत देण्यात आले, हे त्यातील मूळ वैगुण्य होय.

आता नकाशाकडे वळावे. टांझानिया विषुववृत्ताच्या दक्षिणेस उष्ण कटिबंधात आहे, आणि विरार उत्तरेस सुमारे साडेएकोणीस अंशांवर, त्याच कटिबंधात आहे. ज्या प्रदेशात परदेशी विद्यार्थी सेवेसाठी व साहसासाठी येतात, त्याच प्रकारच्या प्रदेशात येथील मुले जन्मतःच राहतात. येथील मूल यजमान आहे, आणि शेजारच्या गावी गेले की पाहुणेही होते. दोन्ही भूमिका एकाच तालुक्यात शिकविता येतील, असे भाग्य थोड्याच शाळांना लाभते. पूर्वेस जीवदानीचा डोंगर व २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले तुंगारेश्वराचे रान, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणेची खाडी. सोपारा तर प्राचीन बंदरच होते. तेथील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी केले. परदेशी पाहुण्यांची ये-जा या भूमीला नवी नाही.

नमुन्यादाखल अर्नाळ्याची सहल घ्यावी. विरार स्थानकापासून अर्नाळा गाव आठ-नऊ किलोमीटरवर आहे. गावासमोर समुद्रात लहानसे बेट असून त्यावर किल्ला आहे. मराठ्यांनी तो १७३७ साली घेतला व पहिल्या बाजीरावाच्या काळी त्याची नव्याने बांधणी झाली. आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर व गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. बेटावर कोळी समाजाची वस्ती आहे, ग्रामपंचायत आहे, शाळा आहे. बेटावर नावेनेच जावे लागते. अर्थात साहस ओघानेच आले.

साहसाचा पहिला धडा गणिताच्या तासाला द्यावा. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अर्थात तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास पाणी फार चढते व फार उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, तो भांग. चौथीच्या मुलांना पाऊणकीचा याहून सजीव उपयोग सापडणे कठीण. पंचांग भिंतीवर लावावे, एका पंधरवड्याच्या वेळा मुलांकडून काढवाव्यात आणि छापील भरतीपत्रकाशी त्या ताडून पाहाव्यात. अर्धा-पाऊण तासाचा फरक आढळेल. भरती एका तिथीस नेमकी पंचेचाळीस नव्हे, तर सरासरीने त्याहून सुमारे तीन मिनिटे अधिक मागे पडते, आणि हा फरक पक्षाच्या उत्तरार्धात साचत जातो. हे मुलांनी स्वतः शोधून काढले तर उत्तमच. प्रत्यक्ष निघण्याची वेळ मात्र हिशेबावरून नव्हे, नावाड्याच्या सांगण्यावरून ठरवावी. कोळ्याला भरती शिकविण्याचा आव कोणी आणू नये.

या बाबतीत हयगय चालत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथील समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते महाविद्यालयीन वयाचे होते. प्राथमिक शाळेच्या मुलांच्या बाबतीत नियम सरळ असावा. पोहणे अथवा डुंबणे हा सहलीचा भाग नाही. नावेत प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट असेल तरच मुलांना चढवावे, आणि नावाड्याने सांगितलेल्या संख्येपेक्षा एकही मूल अधिक नसावे. चढण्यापूर्वी व उतरल्यावर गणती करावी. सहल पावसाळ्यात नेऊ नये. जून-जुलैत तर कोळी स्वतःच मासेमारी बंद ठेवतात. मार्गशीर्ष ते माघ हा काळ बरा, आणि त्यातही भांगाचे दिवस. किनाऱ्यावर वारा पडलेला व पाणी शांत दिसत असले तरी ओहोटीचा ओढ वरून दिसत नाही, ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वी समजावून द्यावी, तेथे गेल्यावर नव्हे. तेथे गेल्यावर कोणी ऐकत नाही.

सेवेचा भाग याहून अवघड आहे, कारण तेथे चूक झाली तरी कोणी बुडत नाही व म्हणून ती कळतही नाही. शिक्षकाने मुलांना नेण्यापूर्वी एकदा एकट्याने जाऊन यावे. ग्रामपंचायतीत, बेटावरील शाळेत आणि किनाऱ्यावर मासळी सुकविणाऱ्या स्त्रियांपाशी बसावे. आम्ही काय करून देऊ, असे विचारल्यास सभ्य माणूस काहीही चालेल म्हणतो, कारण पाहुण्याला नाही म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यापेक्षा गेल्या वर्षी कोण आले होते, त्यांनी काय केले आणि आज त्यातले काय उरले आहे, हे विचारावे. उत्तर आपोआप मिळते.

किनारा स्वच्छ करणे हे सर्वांच्या मनात प्रथम येणारे काम. ते वाईट नाही, परंतु त्यातही ज्ञान लागते. गोळा केलेला प्लॅस्टिकचा व तुटक्या जाळ्यांचा ढीग बेटाच्या एका कोपऱ्यात टाकून मुले परतली, तर पहिल्याच उधाणाला तो पुन्हा पाण्यात जातो. पोती नावेतून परत आणण्याची आणि पुढे ती कोठे द्यावयाची याची व्यवस्था आधी लागलेली नसेल, तर हे काम हाती घेऊच नये. दुसरी गोष्ट वाळूवर पसरणाऱ्या मर्यादावेलीची. दुभंगलेल्या पानांची, जांभळट फुलांची ही वेल उत्साही मुलांना तण वाटते व ती उपटली जाते. वस्तुतः तिची मुळे व फांद्या वाळू धरून ठेवतात आणि किनाऱ्याची धूप रोखतात. लाटांनी किनारा खचतो आहे अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांच्या दारातील वेल उपटून त्यांची सेवा केल्याचे समाधान घेणे, ही टांझानियातील भिंतीचीच दुसरी आवृत्ती होईल.

मुलांना खरोखर करता येण्याजोगे आणि गावकऱ्यांच्या हातचे काम हिरावून न घेणारे असे काय असते? एक काम हमखास आहे : ऐकून लिहिणे. वसई तालुक्यात कोळी, वाडवळी, सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी आणि वारली अशा बोली बोलल्या जातात. वाऱ्यांची, मासळीची, नावेच्या अवयवांची, वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांच्या प्रतवारीची नावे बेटावरील वृद्धांना मुखोद्गत असतात व ती पाठ्यपुस्तकात नसतात. पाहुण्या मुलांनी बेटावरील मुलांच्या जोडीने ती लिहून घ्यावी, चित्रे काढावी आणि एक हस्तलिखित तयार करावे. त्याच्या दोन प्रती असाव्यात व पहिली प्रत बेटावरील शाळेत राहावी. येथे यजमान हा शिकविणारा होतो आणि पाहुणा शिकणारा. दोघांच्याही ताठ मानेला धक्का लागत नाही.

सेवा म्हणजे काय याचे उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचीही आवश्यकता नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण त्यांनी आळस असे ठरविले नाही. मूल गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते, हे त्यांनी पाहिले. मग गुरे चरतात तेथेच शाळा नेली, ती कुरणशाळा. धाकट्यांसाठी पाळणाघर जोडले. शंख, शिंपले, बिया, खडे हीच शैक्षणिक साधने केली. अनुताई १९९२ साली निवर्तल्या, तोपर्यंत सत्तेचाळीस वर्षे त्या याच भागात राहिल्या. पाहुणी म्हणून आलेली व्यक्ती यजमान कशी होते, हे यावरून दिसते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेले, तेथील भाषा शिकले आणि १९४२ साली तेथेच वारले. तो देश उष्ण कटिबंधाबाहेरचा व काम युद्धभूमीवरचे, तरी भाषेचा मुद्दा येथेही तोच आहे.

एका दिवसाच्या सहलीतून कोणी अनुताई निर्माण होणार नाहीत, आणि तशी अपेक्षा बाळगून मुलांपुढे मोठाली भाषणे करू नयेत. मुले कंटाळतात. सहलीनंतरच्या निबंधाचा विषय मात्र बदलावा. ‘आम्ही केलेली सेवा’ या विषयावर सर्व मुले एकच निबंध लिहितात, आणि तोही बहुधा फळ्यावरून उतरविलेला असतो. ‘बेटावरच्या मुलाला जे येते व मला येत नाही’ या विषयावर तसे करता येत नाही.

सहल एका बाजूने पुरी होत नाही. दोन-तीन महिन्यांनी, समुद्र खवळण्यापूर्वी, बेटावरील वर्गाला विरारकडे बोलवावे. या वेळी नियोजन मुलांनी करावे : जीवदानीच्या पायऱ्या सकाळी उन्हापूर्वी कशा चढावयाच्या, पाणी कोठे ठेवावयाचे, माथ्यावरून अर्नाळ्याचे बेट कोणत्या दिशेस दिसावे. पाहुण्यांना काय पाहावयाचे आहे, हे त्यांना आधी पत्र पाठवून विचारावे. बेटावरील मुलांना कदाचित किल्ला नको असेल, रेल्वेचा पूल पाहावयाचा असेल. हस्तलिखिताची दुसरी प्रत त्या दिवशी सोबत ठेवावी. चुकीचे लिहिले गेलेले शब्द बेटावरील मुले तेथल्या तेथे दुरुस्त करतील.