चाक थांबले, तरी विमान थांबेल का?

पावसाळ्यात माढ्याच्या ओल्या रस्त्यावर सायकलचा मागचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक जागच्या जागी अडकते. सायकल मात्र घसरत पुढे जाते. असे का व्हावे? फिरणाऱ्या चाकाची रस्त्यावर पकड असते. अडकलेले चाक नुसते घासत जाते. त्यावरचे घर्षण कमी पडते आणि दिशाही ताब्यात राहत नाही.

विमानाच्या बाबतीत हा धोका केवढा मोठा आहे, ते गणिताने पाहू. 60 टनांचे विमान सेकंदाला 65 मीटर, म्हणजे ताशी 234 किलोमीटर वेगाने धावपट्टीवर टेकले, असे समजा. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले, की गतिज ऊर्जा मिळते. ती येथे सुमारे 12.7 कोटी ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने 30 अंश सेल्सिअसचे सुमारे 430 लिटर पाणी उकळू लागेल! ही ऊर्जा हवेचा विरोध, इंजिनांचा उलटा झोत आणि चाकांचे ब्रेक मिळून जिरवतात.

ब्रेक लागताना चाक अडकू नये म्हणून घसरणरोधक यंत्रणा असते. 1950 नंतरच्या दशकात डनलॉप कंपनीचे ‘मॅक्सारेट’ हे यांत्रिक उपकरण विमानांत वापरले जाऊ लागले. आता हे काम संगणक करतो. चाकाचा वेग एकाएकी उतरू लागला, की तो झडपेकरवी ब्रेकमधील तेलाचा दाब कमी करतो. चाकाने वेग घेताच दाब पुन्हा वाढवतो. बोइंग 787 मध्ये तेलाऐवजी विजेच्या मोटारी ब्रेक दाबतात, तत्त्व तेच.

तरीही 1 जुलै 2019 रोजी रात्री, मुसळधार पावसात, जयपूरहून आलेले बोइंग 737 मुंबईची मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले. अशा घटनांमागे विमान टेकण्याची जागा, वेग, वारा अशी अनेक कारणे असू शकतात. परंतु एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ही यंत्रणा असलेले घर्षण पुरेपूर वापरते. नसलेले निर्माण करू शकत नाही. साचलेल्या पाण्यावर वेगवान चाक अक्षरशः तरंगू लागते. म्हणून टायरला खाचा आणि धावपट्टीला आडव्या चऱ्या पाडतात. विमान टेकताच पंखांवरील पट्ट्या उभ्या राहतात; त्यामुळे उचल नाहीशी होऊन सारा भार चाकांवर येतो.

आता तुम्हीच सांगा : विमान 10 टक्के अधिक वेगाने टेकले, तर जिरवायची ऊर्जा किती टक्क्यांनी वाढेल? ‘10’ असे उत्तर देण्यापूर्वी वर्ग करून पाहा!