अल्बर्ट गॅलाटिन : सार्वजनिक पैशाचा जागरूक विश्वस्त

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना १७८९ मध्ये अमलात आली, तेव्हा नव्या शासनापुढील सर्वांत बिकट प्रश्न कर्जाचा होता. स्वातंत्र्ययुद्ध मुख्यतः उसनवारीवर लढले गेले होते. पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राज्यांची युद्धकर्जे केंद्राच्या शिरावर घेतली, व्याजाची नियमित व्यवस्था लावली आणि राष्ट्राची पत सावरली. त्यांचे हे कार्य सुविख्यात आहे. परंतु हे कर्ज फिटावे कसे आणि करदात्यांचा पैसा कोठे खर्च झाला याचा हिशेब लोकप्रतिनिधींना कसा मिळावा, हा पुढचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होता. तो सोडविण्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणारे मुत्सद्दी म्हणजे अल्बर्ट गॅलाटिन. १८०१ ते १८१४ या काळात त्यांनी अर्थखात्याची धुरा वाहिली. त्या देशात इतका दीर्घकाळ हे पद अन्य कोणीही भूषविलेले नाही.

परदेशातून आलेला तरुण

गॅलाटिन यांचा जन्म २९ जानेवारी १७६१ रोजी जिनीव्हा येथे एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्यामुळे नात्यातील एका स्त्रीने त्यांचे संगोपन केले. जिनीव्हाच्या विद्यापीठातील शिक्षण पूर्ण होताच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १७८० मध्ये त्यांनी अमेरिकेची वाट धरली. प्रारंभीचे दिवस हलाखीचे होते. काही काळ त्यांनी हार्वर्ड येथे फ्रेंच भाषा शिकविली. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम सीमेवर, मोनोंगाहेला नदीच्या काठी जमीन घेऊन त्यांनी वास्तव्य केले.

हा प्रदेश ॲलेगेनी पर्वताच्या पलीकडचा होता. जमीन सुपीक, पण पूर्वेकडील बाजारपेठेला जोडणारा चांगला रस्ता नव्हता. धान्य घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगर ओलांडावा, तर वाहतुकीचा खर्च धान्याच्या किमतीला खाऊन टाकी. म्हणून शेतकरी धान्यापासून मद्य गाळीत व ते विकीत. दळणवळणाच्या अभावी शेतकऱ्याच्या श्रमाचे मोल कसे घटते, हे गॅलाटिन यांनी येथे प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या पुढील धोरणाचे एक मूळ या अनुभवात आहे.

मद्यकराचा उठाव

१७९१ मध्ये केंद्र शासनाने गाळीव मद्यावर कर बसविला. ज्या शेतकऱ्यांच्या हाती रोख पैसा क्वचितच येई, त्यांच्यावर हा बोजा पडला आणि पश्चिम भागात असंतोष पसरला. १७९२ मध्ये पिट्सबर्ग येथे भरलेल्या विरोधसभेचे चिटणीस म्हणून गॅलाटिन यांनी काम केले. कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांवर बहिष्कार पुकारणारे त्या सभेचे ठराव अतिरेकी होते. आपल्या हातून घडलेले ते एकमेव राजकीय पाप होय, अशी कबुली त्यांनी पुढे राज्याच्या विधानसभेत दिली.

१७९४ च्या उन्हाळ्यात असंतोषाचे रूपांतर सशस्त्र उठावात झाले. कर अधिकाऱ्याचे घर जाळण्यात आले. अशा वेळी लोकांच्या रोषास सामोरे जाऊन, कायद्यापुढे नमते घ्या आणि कर रद्द व्हावा म्हणून सनदशीर मार्गाने झगडा, असे गॅलाटिन यांनी भर सभांतून सांगितले. जमावात बंदुकधारी लोक होते; हे सांगणे जिवावर बेतू शकले असते. अखेर प्रतिनिधींच्या गुप्त मतदानात शरणागतीच्या बाजूने बहुमत झाले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी धाडलेले सुमारे तेरा हजारांचे सैन्य तेथे पोहोचले, तेव्हा त्याला लढाई करावी लागली नाही.

हिशेबाची मागणी

तत्पूर्वीच, १७९३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्यांना सिनेटवर निवडून दिले होते. सिनेटमध्ये येताच त्यांनी राष्ट्रीय कर्ज आणि जमाखर्च यांचे तपशीलवार विवरण अर्थखात्याने सादर करावे, अशी मागणी केली. सत्ताधारी पक्षाला ती रुचली नाही. सिनेटच्या सदस्याला नऊ वर्षांचे नागरिकत्व आवश्यक असते आणि ही अट गॅलाटिन पूर्ण करीत नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला. २८ फेब्रुवारी १७९४ रोजी १४ विरुद्ध १२ मतांनी त्यांचे सदस्यत्व रद्द झाले.

परंतु मतदारांनी लगेच त्यांना प्रतिनिधिगृहात पाठविले. १७९५ ते १८०१ या काळात ते तेथे विरोधी पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते ठरले. शासनाच्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवणारी अर्थसमिती त्यांच्याच पुढाकाराने १७९५ मध्ये स्थापन झाली. विधिमंडळाने ज्या कामासाठी रक्कम मंजूर केली असेल त्याच कामावर ती खर्च व्हावी, एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवू नये, हे तत्त्व त्यांनी सातत्याने मांडले. १७९६ मध्ये राष्ट्राच्या अर्थव्यवहारांचा साकल्याने आढावा घेणारे पुस्तकही त्यांनी प्रसिद्ध केले.

कर्जफेडीची योजना

१८०१ मध्ये टॉमस जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी गॅलाटिन यांना अर्थमंत्री नेमले. इतरांकडे हिशेब मागणाऱ्याने आता स्वतः हिशेब द्यावयाचा होता. त्या वर्षारंभी राष्ट्राचे कर्ज सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलर होते. व्याज व मुद्दल यांसाठी दरसाल ७३ लाख डॉलर वेगळे काढावेत आणि १८१७ पर्यंत संपूर्ण कर्ज फेडावे, अशी योजना त्यांनी आखली. शासनाचे वार्षिक उत्पन्न त्या वेळी एक कोटी डॉलरच्या थोडे वर धरले जात होते, हे लक्षात घेता या संकल्पाची कठोरता ध्यानी येईल. त्यासाठी सैन्य आणि आरमार यांच्या खर्चाला कात्री लावण्यात आली. १८०२ मध्ये मद्यकरासह सर्व अंतर्गत कर रद्द झाले आणि शासनाची भिस्त प्रामुख्याने आयात मालावरील जकातीवर राहिली.

१८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश दीड कोटी डॉलरला खरेदी करण्यात आला. त्यापैकी १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलरचे नवे कर्जरोखे काढावे लागले. गॅलाटिन यांनी कर्जफेडीची वार्षिक तरतूद ८० लाखांवर नेली आणि नवा कर न बसविता हा भार पेलला. १८१२ च्या प्रारंभी कर्ज सुमारे ४ कोटी ५२ लाखांपर्यंत उतरले होते.

रस्ते आणि कालवे

कर्जातून मुक्त होणारा पैसा कशासाठी वापरावा, याचेही चित्र त्यांच्या मनात स्पष्ट होते. १८०२ मध्ये ओहायो राज्याच्या निर्मितीच्या वेळी सार्वजनिक जमिनींच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा काही हिस्सा रस्त्यांसाठी राखून ठेवण्याची सूचना त्यांनी केली. त्यातूनच कंबरलँड येथून पर्वत ओलांडून ओहायो नदीकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग १८०६ मध्ये मंजूर झाला. १८११ मध्ये काम सुरू होऊन १८१८ मध्ये तो नदीकाठच्या व्हीलिंगपर्यंत पोहोचला.

एप्रिल १८०८ मध्ये त्यांनी सिनेटला सादर केलेला रस्ते व कालवे यांविषयीचा अहवाल तर विकास नियोजनाच्या इतिहासातील एक आद्य दस्तऐवज मानावा लागेल. मेनपासून जॉर्जियापर्यंत किनाऱ्याला समांतर हमरस्ता, किनाऱ्यावरील भूशिरे व संयोगभूमी कापणारे कालवे, पूर्वेकडील नद्यांना पश्चिमेकडील नद्यांशी व मोठ्या सरोवरांशी जोडणारे मार्ग यांचा त्यात समावेश होता. दरसाल २० लाख याप्रमाणे दहा वर्षांत २ कोटी डॉलर खर्च त्यांनी सुचविला. ज्या राज्यांना या कामांचा थेट लाभ मिळणार नव्हता, त्यांच्यासाठीही स्वतंत्र रक्कम ठेवली होती. विरळ वस्तीच्या आणि भांडवल दुर्मीळ असलेल्या देशात अशी कामे खासगी उद्योजकांच्या आवाक्याबाहेरची असतात. म्हणून ती शासनाने हाती घेतली पाहिजेत, हा त्यांचा युक्तिवाद होता. काटकसरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मंत्र्याने हा प्रस्ताव मांडावा, यात विसंगती नव्हती. वायफळ खर्च आणि भांडवली खर्च यांतील भेद ते जाणून होते.

कसोटीचा काळ

दुर्दैवाने परिस्थितीने साथ दिली नाही. इंग्लंड व फ्रान्स यांच्या युद्धामुळे अमेरिकी जहाजांचा छळ होऊ लागला. त्यावर उपाय म्हणून जेफर्सन यांनी डिसेंबर १८०७ मध्ये परदेशी व्यापारावर बंदी घातली. अशी बंदी अनिश्चित काळ चालू ठेवण्यास गॅलाटिन यांचा विरोध होता; शासकीय निर्बंधांचे दुष्परिणाम अपेक्षेपेक्षा अधिक होतात, असे त्यांनी राष्ट्राध्यक्षांना लिहून कळविले होते. मात्र कायदा झाल्यावर तो राबविण्याचे काम त्यांच्याच खात्यातील जकात अधिकाऱ्यांकडे आले आणि ते त्यांनी कसोशीने पार पाडले. जकातीचे उत्पन्न १८०८ मधील १ कोटी ६० लाखांवरून १८०९ मध्ये सुमारे ७० लाखांवर घसरले.

१८११ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या सनदेची मुदत वाढविण्याचा त्यांचा प्रयत्न सिनेटमध्ये समसमान मते पडल्याने, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने फसला. पुढच्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध जुंपले. बँक नाही, अंतर्गत कर नाहीत, सैन्य तोकडे, अशा स्थितीत युद्धखर्च भागविण्यासाठी १८१३ मध्ये मोजक्या धनिकांकडून मोठे कर्ज उभारावे लागले. संरक्षणखर्चातील कपात आणि एकट्या जकातीवरील भिस्त यांची ही किंमत होती, हेही नमूद केले पाहिजे. १८१६ मध्ये कर्ज सुमारे १२ कोटी ७० लाखांवर पोहोचले. बारा वर्षांच्या श्रमाने जे कमी झाले होते, त्याहून अधिक अल्पावधीत वाढले.

गॅलाटिन खचले नाहीत. आर्थिक व्यवस्था सावरावयाची तर युद्ध थांबले पाहिजे, हे ओळखून ते १८१३ मध्ये वाटाघाटींसाठी युरोपला गेले. २४ डिसेंबर १८१४ च्या घेंट येथील तहात त्यांच्या संयमी मध्यस्थीचा मोठा वाटा होता.

कार्याचे मोल

पुढे ते १८१६ ते १८२३ पर्यंत फ्रान्समध्ये आणि नंतर काही काळ इंग्लंडमध्ये राजदूत होते. न्यूयॉर्कमध्ये परतल्यावर त्यांनी एका बँकेचे अध्यक्षपद सांभाळले आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्थापनेत भाग घेतला. ज्या मूळ रहिवाशांच्या भूमी विकून तिजोरी भरली गेली होती, त्यांच्या भाषांचा त्यांनी उत्तरायुष्यात सखोल अभ्यास केला. १८३६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १२ ऑगस्ट १८४९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची स्वप्ने इतरांच्या हातून साकार झाली. इरी कालवा न्यूयॉर्क राज्याने १८२५ मध्ये स्वबळावर पूर्ण केला. चेसापीक आणि डेलावेअर उपसागरांना जोडणारा कालवा १८२९ मध्ये, तर केप कॉडचा कालवा १९१४ मध्ये खुला झाला. आणि जानेवारी १८३५ मध्ये राष्ट्राचे संपूर्ण कर्ज फिटले. गॅलाटिन यांनी ठरविलेल्या मुदतीनंतर अठरा वर्षांनी ते घडले, पण ते त्यांना याचि देही याचि डोळा पाहता आले. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना देणे आणि वाचविलेला पैसा लोकांच्याच दारापर्यंत रस्त्याच्या रूपाने पोहोचविणे, ही दोन्ही एकाच कर्तव्याची अंगे आहेत, हे या कारकिर्दीने दाखवून दिले.