रोजच्या कामासाठी भरवशाचा संगणक : परिचालन प्रणालीची निवड

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. पश्चिमेस सागरकिनारा, पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी प्रदेश आणि किनाऱ्यालगत बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा असे या जिल्ह्याचे स्वरूप आहे. जिल्हाधिकारी कार्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि शाळेपासून कारखान्यापर्यंत आज सर्वत्र संगणकावर काम चालते. डोंगरातील पाड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास ‘संगणक बंद आहे’ असे उत्तर मिळाले, तर त्याचे जाण्या-येण्याचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया जातात. संगणकाचा भरवसा हा अशा रीतीने लोकसेवेचाच एक भाग ठरतो. हा भरवसा फार मोठ्या प्रमाणात संगणकाच्या परिचालन प्रणालीवर, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असतो.

परिचालन प्रणाली म्हणजे काय ?

संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, कळफलक, मुद्रक इत्यादी भागांचा मेळ घालून त्यांच्याकडून काम करून घेणारी मूळ आज्ञावली म्हणजे परिचालन प्रणाली होय. पत्रलेखनाच्या, हिशेबाच्या व इतर सर्व आज्ञावल्या तिच्याच आधाराने चालतात.

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ज्या वर्षी कार्यान्वित झाल्या, त्याच १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या कामातून ‘युनिक्स’ ही प्रणाली आकारास येऊ लागली. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली तिच्याच धर्तीवर ‘लिनक्स’चा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. डेबियन, उबुंटू या प्रणाली त्यावरच उभ्या आहेत. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही याच कुळातील असून तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ प्रणाली मात्र परवाना घेऊन वापरावी लागते. कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या सवयीची प्रणाली बहुधा हीच असते.

निवडीची निकड

विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ही प्रणाली असलेले संगणक त्यानंतरही चालतात. परंतु तीत नव्याने सापडणाऱ्या उणिवांवर सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. संस्थांना शुल्क भरून त्या जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व तुलनेने नवा प्रक्रियक आवश्यक असल्याने अनेक जुनी यंत्रे त्या अटीत बसत नाहीत.

दुरुस्तीविना राहिलेल्या यंत्राचा धोका १२ मे २०१७ रोजी जगाने अनुभवला. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने त्या दिवसापासून सुमारे १५० देशांतील विंडोज संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. तिला वाट देणाऱ्या उणिवेवरील दुरुस्ती कंपनीने त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसृत केली होती. ज्यांनी ती वेळीच बसवली नव्हती, त्यांच्या यंत्रांना प्रामुख्याने हा फटका बसला.

कार्यालयांपुढे म्हणून तीन मार्ग आहेत : नवे यंत्र घेणे, शुल्क भरून मुदत वाढविणे किंवा त्याच यंत्रावर लिनक्स कुळातील प्रणाली बसविणे.

चार कसोट्या

पहिली कसोटी कामाची. ग्रामपंचायतीची देयके ‘ई-ग्रामस्वराज’वरून अदा करताना सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरावे लागते. हे टोकन, बोटांचे ठसे घेणारे उपकरण व मुद्रक नव्या प्रणालीवर चालतात किंवा नाही, हे आधी पाहावे. लिनक्सच्या बऱ्याच प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करता येतात. त्यामुळे मूळ माहितीस हात न लावता प्राथमिक चाचणी घेता येते.

दुसरी कसोटी मुदतीची. प्रणालीस सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, हे बसविण्यापूर्वीच माहीत हवे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पाच वर्षे विनाशुल्क दुरुस्त्या मिळतात.

तिसरी कसोटी मनुष्यबळाची. बिघाड झाल्यास तालुक्याच्या ठिकाणी तो दुरुस्त करू शकणारी व्यक्ती उपलब्ध आहे काय ? ती नसेल, तर विनामूल्य प्रणालीही महाग पडते.

चौथी कसोटी मराठीची. युनिकोडमधील मराठी मजकूर सर्व आधुनिक प्रणालींवर सारखाच वाचता येतो आणि इन्स्क्रिप्ट कळफलकही दोन्ही कुळांत मिळतो. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत साठवलेली कागदपत्रे मात्र तो टंक नसलेल्या यंत्रावर वाचता येत नाहीत. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत.

कामानुसार निवड

या कसोट्या लावल्या की प्रत्येक ठिकाणचे उत्तर वेगळे येते. स्वाक्षरी-टोकन व देयकांचे काम ज्या यंत्रावर होते, तेथे सर्व उपकरणांची खात्री पटेपर्यंत साहाय्य चालू असलेली विंडोज ठेवणे श्रेयस्कर. टंकलेखन, तक्ते व टपाल एवढ्याच कामाच्या जुन्या यंत्रांस लिनक्स पुरेशी ठरते. शाळांच्या बाबतीत केरळचे उदाहरण बोलके आहे. तेथील शालेय संगणक-शिक्षण अनेक वर्षे मुक्त प्रणालींवर चालत आले असून शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्याचा कणा आहे.

तारापूर औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांचा प्रश्न निराळा आहे. यंत्रसामग्रीचे नियंत्रण करणारा संगणक त्या सामग्रीच्या उत्पादकाने ठरविलेल्या प्रणालीवरच चालतो. तो परस्पर बदलणे धोक्याचे ठरते. अशा संगणकास आंतरजालापासून व कार्यालयीन जाळ्यापासून अलग ठेवणे हाच योग्य उपाय होय. तारापूरचे केंद्र चालविणाऱ्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाच्या एका प्रशासकीय, आंतरजालाशी जोडलेल्या संगणकात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये घातक आज्ञावली आढळली होती. तो संगणक महत्त्वाच्या अंतर्गत जाळ्यापासून अलग होता आणि संयंत्रांच्या प्रणालींस बाधा पोचली नाही, असे महामंडळाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी जाहीर केले.

काम न थांबण्याची सोय

कोणतीही प्रणाली सर्वस्वी निर्दोष नसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देऊन काम चालविण्यात आले. हीच तयारी ग्रामपंचायतीतही हवी. माहितीची प्रत दर आठवड्यास वेगळ्या साधनावर घेऊन ती यंत्रापासून दूर ठेवावी, वीज गेल्यास काम नीट बंद करता येईल इतका वेळ देणारे यूपीएस असावे आणि अर्ज स्वीकारून पोच देण्यासाठी कागदी नोंदवही नेहमी हाताशी असावी.

प्रत्येक कार्यालयाने व शाळेने आपल्या संगणकांची एक साधी नोंदवही ठेवावी. यंत्र केव्हा घेतले, त्यावर कोणती प्रणाली आहे, तिच्या साहाय्याची अखेरची तारीख कोणती, माहितीची प्रत शेवटी केव्हा घेतली आणि बिघाड झाल्यास कोणास कळवावयाचे, एवढे पाच रकाने तीत पुरेत. ही नोंदवही वर्षातून दोनदा मासिक सभेपुढे ठेवल्यास कोणत्या यंत्राची मुदत संपत आली आहे, हे सदस्यांना वेळीच कळेल आणि नव्या प्रणालीचा किंवा नव्या यंत्राचा खर्च पुढील अंदाजपत्रकात दाखविता येईल.