धान्यातली गोळी आणि पेशीतली चूल

ज्वारीच्या पानातील हरितलवके सूर्यप्रकाशाच्या जोरावर साखर बनवतात. तीच दाण्यात पिष्ट होऊन साठते. भाकरी खाल्ल्यावर आपल्या पेशींतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने त्यातून शक्ती काढतात. मी रुग्णांना त्यांना पेशीची चूलच म्हणतो.

धान्यात कीड होऊ नये म्हणून काही घरांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. (त्या घरगुती वापरासाठी नाहीतच!) हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो हीच चूल विझवतो. किडीची काय, आपली काय, चूल एकच. रक्तात प्राणवायू असूनही पेशीला तो वापरता येत नाही, हृदय ढासळते. यावर खास उतारा नाही.

असे धान्य झोपायच्या खोलीत मुळीच ठेवू नये. मळमळ, धाप, छातीत घुसमट जाणवताच सर्वांना मोकळ्या हवेत आणून थेट रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे नाव डॉक्टरांना सांगावे.