परसबागेतील घरटी : निरीक्षणाचे काही नियम

बालाघाट जिल्ह्यात वन्यजीवन म्हटले की कान्ह्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले हे अरण्य मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत पसरले आहे. तथापि वन्य पक्ष्यांचा संसार पाहण्यासाठी मुक्कीच्या प्रवेशद्वारापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. वैनगंगेकाठच्या या शहरातील परसबागाही त्यास पुरेशा आहेत.

शिंपी पक्ष्याची मादी रुंद पानांच्या कडांना चोचीने छिद्रे पाडते, त्यांतून कापसाचे वा कोळिष्टकाचे तंतू ओवते आणि आत मऊ अस्तर घालते. जांभळ्या शिंजिराची मादी लोंबते घरटे एकटीच बांधते व अंडीही एकटीच उबविते. नर पुढे पिलांना भरविण्यास साहाय्य करतो. बुलबुल कुंपणाच्या झुडपात वाटीसारखे उघडे घरटे करतो. त्याची अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात.

घराजवळच्या निरीक्षणातून मौलिक ज्ञान लाभते, हे डॉ. सलीम अली यांनी दाखवून दिले. १९३० मध्ये हाती नोकरी नसताना ते किहीम येथे राहत होते. तेथे घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे त्यांनी चिकाटीने निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादीने ते पसंत केल्यावर पूर्ण करतो आणि नंतर दुसऱ्या घरट्यास आरंभ करतो, हा क्रम त्यांनी उलगडला.

मात्र निरीक्षकाचे कुतूहलच घरट्याच्या मुळावर येऊ शकते. वारंवार जवळ गेल्यास, पाने बाजूस सारल्यास कावळ्याला व मांजराला घरट्याचा सुगावा लागतो. बांधणी चालू असताना व्यत्यय आला तर पक्षी घरटे सोडूनही जातात. म्हणून खिडकीतून वा दुर्बिणीने पाहावे आणि दिनांकासह नोंद ठेवावी. पिले उडून जाईपर्यंत त्या कुंपणाची छाटणी करू नये. पिसे फुटलेले पिलू जमिनीवर दिसल्यास घरात आणू नये. बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात व त्याला भरवितात. मांजराचे भय असल्यास ते लगतच्या झुडपात ठेवावे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे याचाही अंतर्भाव आहे. हे प्रत्येक घरातील मुलांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.