लक्षात राहतं त्यांचं काय?

पी.एल. लागली की हॉस्टेलवर प्रत्येक रूममधून एकच प्रार्थना चालू असते. देवा, एकदा वाचलेलं कायमचं डोक्यात राहू दे! मीही सात सेमिस्टर हेच मागत आलो. मग सेमिनारसाठी ‘मेमरी’ हा विषय घेतला. घेतला होता कॉम्प्युटरच्या मेमरीवर, पण वाचता वाचता गाडी माणसाच्या मेमरीवर गेली आणि तिथेच अडकली. सेमिनारमध्ये जे बसलं नाही ते इथे लिहितोय.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला जिल प्राइस नावाच्या बाई आहेत. त्यांनी जून २००० मध्ये जेम्स मॅकगॉ या प्राध्यापकांना ई-मेल केला. मॅकगॉ हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत स्मरणशक्तीवर संशोधन करणारं मोठं नाव. ई-मेलचा मतलब असा की, मला मेमरीचा त्रास आहे. आपल्याला वाटेल विसरत असतील. उलट! त्यांना विसरताच येत नव्हतं. ५ फेब्रुवारी १९८० पासूनचा प्रत्येक दिवस त्यांच्या लक्षात होता. वार कोणता, त्या दिवशी काय केलं, कोण काय बोललं, सगळं. मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा वर्षं त्यांची तपासणी केली आणि २००६ मध्ये पेपर छापला. त्यात नाव न देता नुसतं ‘एजे’ म्हटलं होतं. २००८ मध्ये बाईंनी स्वतःच्या नावानं पुस्तक लिहिलं.

एकदा काहीही कल्पना न देता त्यांना १९८० ते २००३ या वर्षांतल्या सगळ्या ईस्टरच्या तारखा लिहायला सांगितल्या. ईस्टर आपल्या पाडव्यासारखाच दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. शिवाय बाई ज्यू, म्हणजे हा त्यांचा सणसुद्धा नाही. तरी दहा मिनिटांत चोवीस तारखा लिहिल्या, आणि प्रत्येक तारखेपुढे आपण त्या दिवशी काय करत होतो तेही. चुकली फक्त एक, तीही दोन दिवसांनी.

आता गंमत बघा. याच बाई शाळेत अगदी साधारण विद्यार्थिनी होत्या. पाठांतर त्यांना जड जायचं. म्हणजे ही मेमरी मिळाली तरी एम-थ्रीच्या पेपरला काही उपयोग नाही! राहतं ते फक्त स्वतःच्या आयुष्यात घडलेलं. आणि ते नुसतं माहितीसारखं राहत नाही. जुना प्रसंग आठवला की त्या वेळचा राग, दुःख, लाज तेवढ्याच जोरानं परत येते, असं त्या सांगतात. लोक याला देणगी म्हणतात, त्या ओझं म्हणतात.

इथे मला थांबावंसं वाटलं. कारण आपण माफ करतो म्हणजे नक्की काय करतो?

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना डी-रॅम माहीत आहे. प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरवरचा चार्ज. तो गळत राहतो. म्हणून रिफ्रेश सर्किट ठरावीक वेळानं तो वाचतं आणि पुन्हा लिहितं. रिफ्रेश बंद केलं की डेटा आपोआप जातो. माणसाचंही साधारण असंच आहे. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला. दिसायला तो आपल्या डिस्चार्ज कर्व्हचा भाऊच. त्यात आणखी एक सोय आहे. वाईट प्रसंगाची बोच साधारणपणे चांगल्या प्रसंगाच्या आनंदापेक्षा लवकर कमी होते.

म्हणजे आपण ज्याला ‘मी त्याला माफ केलं’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग नुसता लीकेज आहे. मेसमध्ये भांडण झालं, आठ दिवस बोललो नाही, मग शब्द नीट आठवेनात, मग चेहरा बघून चीड येईनाशी झाली, मग एकत्र टपरीवर. याचं क्रेडिट आपण मोठ्या मनाला देतो! आणि एखादा डूख धरून बसतो तेव्हा तो रोज रात्री रिफ्रेश मारत असतो. तेच वाक्य पुन्हा वाचायचं, पुन्हा लिहायचं.

पण ज्याचा कपॅसिटर मुळातच गळत नाही त्यानं काय करायचं? २०१६ मध्ये अर्व्हाइनच्याच गटानं अशा लोकांवर एक अभ्यास छापला. आठवड्यापूर्वीचं त्यांनाही आपल्याइतपतच आठवतं. फरक पडतो तो महिना, वर्ष, दहा वर्षांनी. लिहितात आपल्यासारखंच, फक्त पुसलं जात नाही.

माझा रूम पार्टनर काही जिल प्राइस नाही. पण त्याची मेमरी आमच्या विंगमध्ये प्रसिद्ध आहे. कोणत्या ओरलला कोणाला काय विचारलं हे त्याला विचारावं. फर्स्ट इयरला त्याचे वडील गावाकडून डबा घेऊन आले होते. ते गेल्यावर एकानं सगळ्यांसमोर त्यांच्या बोलण्याची नक्कल केली. कोण कोण हसलं, कोणी कुठला शर्ट घातला होता, हे पार्टनरला आजही पाठ आहे. त्या मुलानं थर्ड इयरला स्वतःहून रूमवर येऊन माफी मागितली. अगदी मनापासून. पार्टनर ‘ठीक आहे रे’ म्हणाला. पण दोघांचं काही जमलं नाही. मी एकदा म्हटलं, “अरे, सोड ना आता.” तो चिडला नाही. म्हणाला, “त्यानं माफी एकदा मागितली. मला मात्र ते रोज ऐकू येतं. मी रोज नव्यानं माफ करायचं का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे म्हणायला सोपं, पण त्याची गंगा वाहतच नाही. आणि ‘याचं मन कोतं’ असं जे विंगमध्ये बोलतात ते मला पटत नाही. आपल्याला निम्मं काम फुकट करून मिळतं, त्याला सगळं हातानं करावं लागतं.

मग लुरिया सापडला. अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ. त्यानं सोलोमन शेरेशेव्स्की नावाच्या माणसाचा सुमारे तीस वर्षं अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. शेरेशेव्स्की आधी वार्ताहर होता. संपादकांच्या सूचना कधी लिहून घेत नसे, कारण गरजच नव्हती. पुढे तो रंगमंचावर स्मरणशक्तीचे प्रयोग करू लागला. एका रात्री तीन-तीन प्रयोग. मग आधीच्या खेळातले आकडे नव्यात घुसायला लागले. विसरण्यासाठी त्यानं काय काय केलं! आकडे कागदावर लिहून कागद जाळला, तर जळक्या कागदावर ते दिसतच होते. शेवटी एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की जुना तक्ता समोर येत नाहीये, कारण आपल्याला तो यायला नको आहे. युक्ती कसलीच नाही, नुसतं ‘नको’ म्हणणं.

आकड्यांचं ठीक आहे, अपमानाचं असं होतं का? याच्या जवळ जाणारा एक प्रयोग स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये छापला. लोकांना वेगवेगळ्या अपराधांचे काल्पनिक प्रसंग वाचायला दिले आणि विचारलं, तुम्ही माफ कराल का? काही दिवसांनी सांगितलं की, हे प्रसंग मनातून बाजूला ठेवा. जे प्रसंग माफ केले होते त्यांचे तपशील लोकांना विसरता आले. जे माफ केले नव्हते ते प्रयत्न करूनही चिकटून राहिले. म्हणजे आपण ‘आधी विसरू, मग माफ करू’ असं धरून चालतो, पण क्रम उलटाही असू शकतो. प्रसंग काल्पनिक आणि माणसं साधी होती, हे खरं. पार्टनरला हे लागू पडेलच असं मी म्हणत नाही. त्याला वाचायला दिलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “क्रम उलटा आहे हे बरं आहे. माझ्या हातात पहिली स्टेप तरी राहते.”

अजून एक गोष्ट त्याला आवडली नाही, तीही सांगतो. २०१३ मध्ये अशा अफाट मेमरीच्या वीस लोकांना मुद्दाम खोटी माहिती देऊन तपासलं. खोट्या आठवणी त्यांच्यातही आपल्याइतक्याच तयार झाल्या! म्हणजे ‘मला सगळं लख्ख आठवतंय’ हा पुरावा कोर्टात ठीक, पण शंभर टक्के नव्हे. त्या दिवशी हसणाऱ्यांत मी नव्हतो, असं मला ठाम वाटतं. पार्टनर म्हणतो, तू दारात उभा होतास आणि हसला नाहीस, पण काही बोललाही नाहीस. आता यात कोणाची मेमरी धरायची?

तसं बघितलं तर आता आपण सगळेच थोडे थोडे जिल प्राइस होत चाललोय. विंगच्या ग्रुपवर पहिल्या वर्षापासूनचे मेसेज पडून आहेत. भांडण झालं की कोणीतरी दोन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट टाकतं, तारीख-वेळेसकट. आपला कपॅसिटर गळतो, पण फोनचा गळत नाही. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीवरून वाद झाला तेव्हा असे अकरा स्क्रीनशॉट आले. पार्टनरनं एकही टाकला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “मला काय गरज? मला ते सगळे पाठ आहेत.” आणि बादली घेऊन खाली पाणी आणायला गेला.