आधी आपली पारख, मग धंदा

(मंडळीतील तरुणांच्या वर्गाकरिता पाठ)

वाचण्याचे भाग : मत्तय २५:१४-३०, लूक १४:२८-३०, रोमकरांस पत्र १२:३-८.

पाठाचा उद्देश : देवाने आपणांस कोणती शक्ती दिली आहे व कोणती दिली नाही, हे ओळखून मग उद्योग निवडावा.

शाळेच्या परीक्षा आटोपल्या म्हणजे आमच्या खेड्यांतील घरोघरी एकच प्रश्न निघतो : "पोराला आता कशाला लावावे?" कोणी म्हणतो, मास्तर करा, कोणी म्हणतो, नागपुरास धाडा, कोणी म्हणतो, बैलजोडी विकून दुकान घालून द्या. शेजाऱ्याच्या मुलाने काय केले हे पाहूनच पुष्कळदा निकाल लागतो. ज्याच्याविषयी हे बोलणे चालते त्याच्या अंगी काय आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही, आणि तो मुलगाही स्वतःस विचारीत नाही. दोन वर्षांनी पाहावे तो जोडीही गेलेली, दुकानही बसलेले, आणि सावकार दारात उभा! म्हणून आजच्या पाठात ह्या प्रश्नाचा विचार शास्त्राच्या व अनुभवाच्या उजेडात करू.

१. धन्याने काय पाहून दिले?

दासांना सोपवलेल्या रुपयांचा दाखला आपण पुष्कळ वेळा ऐकला आहे. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. धन्याने तिघांस सारखी रक्कम दिली नाही. ज्याची जशी योग्यता तसे त्याने दिले : एकास पाच हजार, एकास दोन, एकास एक. म्हणजे देण्यापूर्वी धन्याने पारख केली होती. दोन हजारांच्या दासाने पाच हजारांच्या दासाचा हेवा करीत दिवस घालविले नाहीत; आपल्या दोहोंचे त्याने चार केले, आणि हिशेबाच्या दिवशी त्याला पहिल्याएवढीच शाबासकी मिळाली. तिसऱ्याचा व्यापार बुडाला असे नाही. त्याने व्यापार केलाच नाही. भीतीमुळे त्याने आपले देणे मातीत पुरून ठेविले.

ह्याच्या उलट चूक लूककृत शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्याची. त्याला हौस होती, पण जवळ काय आहे हे त्याने बसून मोजले नव्हते. पहिला स्वतःस आहे त्याहून कमी समजला, दुसरा अधिक समजला. दोघांचेही काम अडले. आपणाविषयी योग्यतेबाहेर कल्पना करू नये असे पौल सांगतो, आणि लागलीच एका शरीराचे अवयव निरनिराळे व त्यांची कामेही निरनिराळी हे दाखवितो. तात्पर्य, स्वतःस ओळखणे हा गर्व नव्हे. तो धन्याच्या देण्याचा पहिला हिशेब होय.

२. नागपूरच्या गिरणीचा धडा

आता आपल्याच प्रांतातील एक उदाहरण घेऊ. नागपूरची एम्प्रेस गिरणी आमच्या कितीतरी वडीलधाऱ्यांच्या ओळखीची होती. ती काढणारे जमशेटजी नसरवानजी टाटा हे आपल्या धर्माचे नव्हेत, पारशी होते. परंतु शहाणपण जेथे दिसेल तेथून शिकण्यास ख्रिस्ती मनुष्याने लाजू नये.

जमशेटजींचा जन्म १८३९ साली नवसारी येथे पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडिलांनी मुंबईत व्यापार धरला होता, म्हणून तेही व्यापारात पडले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या पुष्कळ पेढ्या बुडाल्या, व टाटांच्या घरासही मोठा धक्का बसला. त्या दिवसांत ते विलायतेस होते. तेथील लँकेशायर प्रांतातील कापडाच्या गिरण्या त्यांनी पाहिल्या. परत आल्यावर १८६९ साली मुंबईस चिंचपोकळीतील बुडीत तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली, व काही काळाने विकून टाकली. आम्हांस असे वाटते की, हाच त्यांच्या स्वतःच्या पारखेचा काळ होय. नुसती देवघेव करण्यापेक्षा माल निर्माण करण्याकडे आपला कल आहे, हे त्यांना लहान प्रमाणावर करून पाहिल्यावर कळले.

मग १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाने त्यांनी कंपनी काढली. सर्व गिरणीवाले मुंबईकडे पाहत असता त्यांनी नागपूर निवडले. कारण कापूस येथे पिकतो, आगगाडी येथवर आलेली होती, व दगडी कोळसाही दूर नव्हता. सखल, दलदलीची जागा भरून काढू लागले तेव्हा एका सावकाराने हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे असे म्हणून पैसा देण्याचे नाकारले, आणि पुढे त्यानेच आपली चूक कबूल केली, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली.

परंतु ह्याहून मोठी गोष्ट अशी की, आपणांस काय येत नाही हे जमशेटजींनी ओळखले. यंत्रांच्या कामासाठी त्यांनी लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी यांस आणिले. कारभारासाठी बेझनजी दादाभाई मेहता यांस नेमिले. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतले. सूत व कापड ह्यांची त्यांना माहिती नव्हती, परंतु माणसे व काम सांभाळण्याची हातोटी होती, आणि तीच जमशेटजींनी पारखली. आरंभी घेतलेली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली व माल मनासारखा निघेना. तेव्हा आपली चूक झाकून न ठेवता त्यांनी यंत्रे बदलली. १८८३ च्या सुमारास सूत कातण्याच्या नव्या तऱ्हेच्या चात्या त्यांनी आधी थोड्याच लावून पाहिल्या, व अनुभव आल्यावर वाढविल्या. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही काढिला.

ती गिरणी २००२ साली बंद पडली. मनुष्याच्या हातचे कोणतेही काम सर्वकाळ टिकत नाही. तथापि आपले बळ व आपली उणीव ह्या दोन्ही मोजून काम आरंभावे, हा तिचा धडा अजून जुना झालेला नाही.

३. टिळकांचे भटकणे व ठिकाणी येणे

कोणी म्हणेल, आम्हांस गिरणी काढावयाची नाही. बरे, तर मग आपल्याच मंडळीच्या एका पुरुषाकडे पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९१ च्या सुमारास नागपुरास आले व श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामास लागले. त्यापूर्वी त्यांनी ठिकठिकाणी शिक्षकाचे व दुसरेही काम केले होते. पण एके ठिकाणी फार दिवस राहणे त्यांस साधले नाही. घरच्या माणसांनी ह्यापायी किती सोसले, हे लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकात मनमोकळेपणे लिहिले आहे. नागपूर सोडून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता लक्ष द्या. ख्रिस्ती झाल्यावर त्यांस काही नवी बुद्धी मिळाली असे नव्हे. कविता, कीर्तन, संस्कृताचे ज्ञान, ही सर्व त्यांच्याजवळ आधीपासूनच होती. धनी मात्र आता सापडला! मग त्याच शक्ती भजनांत, कीर्तनांत व 'ज्ञानोदया'च्या संपादनात एकवटल्या. आणि लक्ष्मीबाई? त्यांस लहानपणी शाळा मिळाली नव्हती. परंतु 'स्मृतिचित्रे' चा पहिला भाग १९३४ साली, त्यांच्या उतारवयात, प्रसिद्ध झाला. कित्येकांस आपले देणे उशिरा सापडते; म्हणून कोणी निराश होऊ नये.

४. आपली पारख कशी करावी?

पहिले : कोणते काम करताना वेळ कसा गेला हे कळत नाही, व कोणते काम आपण रोज उद्यावर टाकतो, हे महिनाभर लिहून ठेवा. मन फसविते, वही फसवीत नाही.

दुसरे : लोक आपण होऊन आपल्याकडे कशासाठी येतात ते पाहा. कोणी तुटलेला नांगर घेऊन येत असेल, कोणी कपडे बेतावयास, कोणी भांडण मिटवावयास, कोणी पत्र लिहून घ्यावयास. शेजाऱ्यांनी तुमची पारख आधीच केलेली असते.

तिसरे : आपली उणीव विचारून घ्या; आणि तोंडपुज्या मित्रास विचारू नका, आई, पत्नी किंवा पाळक यांस विचारा. हिशेब जमत नसेल तर हिशेब जमणारा भागीदार घेण्यात कमीपणा नाही.

चौथे : प्रयोग लहान करा. दुकान घालावयाचे असेल तर आधी दोन बाजार दुसऱ्याच्या दुकानी बसा. बैलजोडी विकणे सर्वांत शेवटी, आणि कर्ज त्याच्याही नंतर.

पाचवे : बापाचा धंदा केवळ लाजेने टाकू नका, आणि केवळ सवयीने धरूही नका. विणकर, चर्मकार, सुतार यांच्या घरी जन्मलेल्या मुलाच्या हातात पुष्कळदा पिढ्यांचे कसब असते. पण एखाद्याच्या हातात ते नसून डोक्यात दुसरेच काही असते. दोहोंचा देणारा एकच.

उपदेशक बंधूंनाही आमची विनंती आहे. दुसरे काही मिळत नाही म्हणून ह्या सेवेत कोणी येऊ नये, आणि मंडळीतील हुशार मुलगा दिसला की तो उपदेशकच व्हावा असा आग्रहही धरू नये. आपल्या प्रभूने स्वतः सुताराचे काम केले. प्रामाणिक सुतार हाही मंडळीचा साक्षीदार आहे.

५. शेवटचा विचार

पारख केली म्हणजे यश मिळेलच, असे वचन आम्ही देत नाही. पाऊस, भाव व आजार हे आपल्या हाती नाहीत. परंतु ज्याने आपले देणे ओळखून कामास लाविले, तो पडला तरी काय शिकलो हे सांगू शकतो. ज्याने ते पुरून ठेविले, त्यास हिशेबाच्या दिवशी सांगावयास काहीच उरत नाही. आपणांस जितके दिले तितक्याचाच जाब आहे. शेजाऱ्याच्या पाच हजारांचा नाही. ही मोठी सुटका आहे. ह्या आठवड्यात प्रत्येकाने एक संध्याकाळ प्रार्थनेत व वही घेऊन एकांतात घालवावी, अशी आमची प्रीतीची सूचना आहे.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. धन्याने तिन्ही दासांस सारखे का दिले नाही? दोन हजारांच्या दासापासून आपण काय शिकावे?
२. तिसरा दास व बुरूज बांधणारा यांच्या चुकांत भेद कोणता?
३. जमशेटजींनी आपली उणीव कशी भरून काढली?
४. टिळकांच्या अंगी आधीच कोणत्या शक्ती होत्या, व त्यांत काय पालटले?
५. माझ्या अंगी असलेली एक शक्ती व नसलेली एक शक्ती सांगा.

प्रार्थनेचा विषय : कामाच्या शोधात गाव सोडून गेलेले आपल्या मंडळीतील तरुण.